‘प्रार्थना कर’ म्हटल्यानंतर

गोव्यातल्या किरिस्तांव (ख्रिस्ती) घरात काही बिनसलं, म्हणजे नवरा जास्त पिऊ लागला, जहाजावरचं कंत्राट मिळेनासं होऊन कर्जाचे हप्ते थकले, कॉलेजातली मुलगी खोलीचं दार लावून बसू लागली, की घरातली बाई आधी इगर्जीत, चर्चमध्ये जाते. डॉक्टर, वकील, पोलीस हे सगळे मागाहून, आणि पुष्कळदा त्यांची पाळी येतच नाही. फादरच्या कानावर घालायचं, नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, धरायची, गुरुवारी पिलारला आग्नेल पाद्रींच्या समाधीपाशी मेणबत्ती लावून यायची, म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीला (मारिया मातेला) तेल वाहायचं. सायबिणीच्या फेस्ताला (उत्सवाला) तेलाच्या रांगेत कोण किरिस्तांव आणि कोण हिंदू हे विचारायची पद्धत आपल्याकडे नाही, त्यामुळे मी पुढे जे मांडणार आहे ते फक्त एका समाजापुरतं नाही.

बाई आधी इगर्जीत जाते याबद्दल माझी तक्रार नाही. मी स्वतः डिचोली तालुक्यातल्या किरिस्तांव घरात वाढले, मराठी शाळेत शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं सरकारी आरोग्य केंद्रांत परिचारिका म्हणून काढली. माणूस कोसळायला आला की त्याला सरकारी कागद सावरत नाही, ओळखीचा आवाज सावरतो, हे मी रोज पाहिलं आहे. माझी तक्रार आहे ती बाई तिथून काय घेऊन परत येते याबद्दल. ‘प्रार्थना कर’, ‘माफ कर’, ‘देवाने दिलेला खुरीस (क्रूस) आहे, वाहा’. तीन वाक्यं, आणि मग घरचीच वाट. श्रद्धेच्या नावाने सल्ला देणाऱ्याची जबाबदारी सल्ला दिल्यावर सुरू होते, असं मला ठामपणे वाटतं. आणि मी हे बायबलच्या विरोधात जाऊन म्हणत नाही. बायबल वाचूनच म्हणते.

एक बाई ड्रेसिंगला आली होती. डाव्या हाताची बोटं सुजून टम्म झालेली आणि लग्नाची अंगठी मांसात रुतलेली. अशी अंगठी ओढून निघत नाही. दोऱ्याचं टोक अंगठीखालून सरकवायचं, मग अंगठीच्या पुढून बोटाला तो दोरा घट्ट, जवळजवळ गुंडाळत न्यायचा आणि मागचं टोक हळूहळू उलगडत अंगठी त्यावरून पुढे काढायची. वेळ लागतो आणि दुखतं. तेवढ्या वेळात ती बोलली. दार हातावर आपटलं असं केसपेपरवर लिहिलं होतं. दार कुणी आपटलं ते तिने मला सांगितलं. फादरना सांगितलंस का, असं विचारल्यावर म्हणाली, ‘सांगितलं ना सिस्टर, कुमसार केला.’ कुमसारात, म्हणजे फादरपुढे पापं कबूल करताना, काय सांगितलं? आपल्याला राग आला, आपण नवऱ्याला शिव्या घातल्या, त्याचं जेवण झाकून ठेवलं नाही. त्याबद्दल प्रायश्चित्त म्हणून मिळालेल्या प्रार्थना तिने म्हटल्या होत्या. मार खाल्ल्याचं तिने सांगितलंच नव्हतं, कारण ते तिचं पाप नव्हतं. आणि जो मारत होता तो कुमसाराला कधी जातच नव्हता.

मी या प्रसंगावर फार विचार केला. त्या फादरना दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्यांच्यापुढे एका जाळीपलीकडून एक रागीट बायको आली, ते काय करणार? पण आपली सगळी व्यवस्थाच अशी आहे की मनातलं बोलायची जी एक खात्रीची, गुप्त जागा बाईला ठाऊक आहे, तिथे तिने स्वतःच्या चुका सांगायच्या असतात. दुसऱ्याने केलेला अन्याय सांगायला तिथे जागाच नाही. शिवाय कुमसारात ऐकलेलं फादरने बाहेर कुणालाही सांगायचं नाही हा चर्चचा कायदा आहे आणि तो मोडणाऱ्याला थेट बहिष्काराची शिक्षा आहे. तो नियम योग्यच आहे. तो नसता तर कुणी तोंड उघडलं नसतं. पण त्याचा अर्थ असा की कुमसारात कळलेल्या दुःखाचा पाठपुरावा फादर आपणहून करू शकत नाही. पापक्षमेची जागा वेगळी आणि दुःख ऐकण्याची जागा वेगळी असायला हवी. ती दुसरी जागा आमच्या बहुतेक पॅरिशमध्ये, म्हणजे गावोगावच्या इगर्जीच्या विभागांत, नाही. ऑफिस असतं, तिथे बाप्तिस्म्याचे दाखले मिळतात, तिथे क्लार्क बसलेला असतो आणि दार उघडं असतं.

माफीचं घ्या. सात वेळा नव्हे, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर, हे येशूचं वचन मार खाणाऱ्या बायकांना जितक्यांदा ऐकवलं गेलं असेल तितकं दुसऱ्या कुणाला नसेल. ते वचन मत्तयच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायात येतं. त्याच अध्यायात, त्याच्या थोडंच आधी, येशू आणखी एक गोष्ट सांगतो: तुझ्या भावाने तुझा अपराध केला तर त्याला एकांतात गाठून दाखवून दे, त्याने ऐकलं नाही तर आणखी एकदोघांना साक्षीला घेऊन जा, तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे सांग. म्हणजे आधी अपराध्याला जाब आहे, साक्षीदार आहेत, सगळ्या समाजापुढे बोलण्याची मुभा आहे, आणि मग क्षमेचा विषय निघतो. आम्ही अर्धा अध्याय गाळून उरलेला बाईच्या पदरात टाकतो.

चर्चचे स्वतःचे नियमही तिच्या बाजूचे आहेत, फक्त तिला कुणी सांगत नाही. १९८३च्या कॅनन कायद्यात स्पष्ट तरतूद आहे की जोडीदारामुळे जीवाला, मनाला किंवा मुलांना गंभीर धोका असेल तर वेगळं राहण्यास रास्त कारण आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात आणखी पुढे जाऊन लिहिलं की दुबळ्या जोडीदाराला किंवा लहान मुलांना हिंसेपासून वाचवायचं असेल तर वेगळं होणं कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यकच ठरतं. आवश्यक! लग्नाआधीच्या वर्गाला गोव्यात प्रत्येक किरिस्तांव जोडप्याला बसावं लागतं. तिथे जेवणाचं, पैशाचं, सासूचं सगळं बोललं जातं. हे एक वाक्य तिथे मोठ्याने वाचलं तर काय बिघडेल? आणि त्याबरोबरच २००५चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा गोव्यातही तसाच लागू आहे, हेही.

‘खुरीस वाहा’ या सल्ल्यावर थोडं थांबते, कारण तो सगळ्यात पवित्र वाटतो आणि सगळ्यात जास्त इजा करतो. दुःखाला अर्थ असतो ही ख्रिस्ती श्रद्धेची खोल शिकवण आहे आणि ती मी मानते. कॅन्सरच्या शेवटच्या दिवसांत माणसं त्या श्रद्धेवर किती शांतपणे गेली ते मी पाहिलं आहे. पण टाळता न येणारं दुःख वेगळं, आणि दुसऱ्याने रोज दारूच्या नशेत दिलेलं दुःख वेगळं. पहिलं देवाच्या हाती सोपवायचं असतं, दुसरं थांबवायचं असतं. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी आपण इगर्जीत खुरसाची वाट करतो, चौदा टप्प्यांवर थांबतो. पाचवा टप्पा कुणाचा? कुरेनेकर शिमोनाचा. शेतावरून येणारा एक परका माणूस, ज्याला शिपायांनी धरून येशूचा खुरीस उचलायला लावला. खुद्द येशूच्या खुरसाला दुसऱ्याचा खांदा लागला. हे आपण दरवर्षी गुडघे टेकून म्हणतो, आणि इगर्जीबाहेर येऊन शेजारणीला सांगतो की तुझा खुरीस तूच वाहा.

बायबलमध्ये खचलेल्या माणसाला सल्ला कसा दिला जातो, हे शोधत गेलं तर मोठं आश्चर्य वाटतं. एलिया संदेष्टा पळून रानात गेला, झुडपाखाली बसला आणि देवाला म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. आजच्या भाषेत ज्याला आपण आत्महत्येचे विचार म्हणू, तेच हे. देवदूत आला. त्याने उपदेश केला नाही, विश्वास कमी पडला म्हणून रागावला नाही. एलियाला हलवून उठवलं, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा कुंजा दिला. एलिया जेवला आणि पुन्हा झोपला. देवदूताने पुन्हा उठवून पुन्हा जेवू घातलं आणि म्हणाला, वाट तुला झेपणार नाही, खा. देवाशी बोलणं त्यानंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. अन्न, पाणी, झोप आणि मग अध्यात्म, असा तो क्रम आहे. वॉर्डात काम केलेल्या कुणालाही तो पटेल.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट उलटी. ते आले, सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले. तोवर त्यांच्याइतके चांगले मित्र नाहीत. मग त्यांनी तोंड उघडलं आणि तू काहीतरी पाप केलं असशील म्हणून हे भोगतोस असं समजावू लागले. शेवटी देव ईयोबावर रागावला नाही, या सल्लागारांवर रागावला. नैराश्याच्या रुग्णाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ असं सांगणाऱ्या प्रत्येकाने तो शेवटचा अध्याय वाचावा.

आणि चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर आपल्याला पाठ आहे, पण तिचा शेवट आपण विसरतो. जखमांवर तेल आणि द्राक्षरस ओतून पट्टी बांधली, आपल्या जनावरावर बसवून धर्मशाळेत नेलं, इथवर लक्षात राहतं. दुसऱ्या दिवशी त्याने काय केलं? धर्मशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले, याची काळजी घे म्हणाला, आणि जास्त खर्च आला तर परत येताना देईन असंही सांगितलं. म्हणजे त्याने स्वतःच सगळं करायचा हट्ट धरला नाही. ज्याच्याकडे खाट होती, जागा होती, वेळ होता त्याच्या हाती रुग्ण सोपवला, पैशाची सोय केली, आणि परत येऊन पाहीन असा शब्द दिला. आरोग्य खात्यात याला आम्ही रेफर करणं म्हणत असू. माझ्या मते श्रद्धेने दिलेल्या सल्ल्याचा हा सगळ्यात पुरा नमुना आहे.

आता कुणी म्हणेल, हे मानसोपचारवाले देवाला बाजूला सारतात. काही सारत असतील. पण कॅथलिक बायबलमध्ये सिराखचा ग्रंथ आहे, त्याचा अडतिसावा अध्याय उघडा. वैद्याचा मान राख, त्यालाही देवानेच निर्माण केलं आहे. औषधं देवाने जमिनीतून उगवली, शहाणा माणूस ती नाकारत नाही. आजारी पडलास तर प्रार्थना कर आणि मग वैद्याला त्याची जागा दे, असा त्याचा आशय आहे. प्रार्थना आणि वैद्य एकाच परिच्छेदात. आणि गोव्याला तर यात विशेष अभिमान वाटायला हवा. पणजीत जुन्या सचिवालयाजवळ आबे फारियांचा पुतळा आहे. १७५६ मध्ये कांदोळीला जन्मलेला हा पाद्री पॅरिसमध्ये संमोहनाचे प्रयोग करत असे. त्या काळी सगळे म्हणत की प्रयोग करणाऱ्याच्या शरीरातून काही चुंबकी द्रव निघतो. फारियांनी सांगितलं, तसं काही नसतं, जे घडतं ते समोरच्याच्या मनात घडतं, विश्वासाच्या माणसाच्या शब्दाने घडतं. आल्तिन्यावरच्या जुन्या मनोरुग्णालयाला त्यांचंच नाव होतं. जो शब्द बरं करू शकतो तोच शब्द खच्चीही करू शकतो, आणि ज्याच्यावर विश्वास जास्त त्याच्या शब्दाची जबाबदारीही जास्त. ‘त्याच्याजवळ परत जा’ हे वाक्य मी उच्चारलं तर बाई विचार करते. फादरने उच्चारलं तर ती जाते.

यावर रास्त हरकत अशी येते की फादर काय काय करणार? सकाळ-संध्याकाळचं मिस (इगर्जीतला प्रार्थनाविधी), शाळेचं व्यवस्थापन, मयत, फेस्त, शेकडो घरं. हरकत अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच माझी मागणी फादरकडे नाही, आपल्याकडे आहे. या बाबतीत गोव्यातच झालेलं एक काम जगभर वाखाणलं गेलं, पण गोव्यातल्या पॅरिशना त्याची खबर नाही. १९९६ मध्ये इथे सुरू झालेल्या ‘संगथ’ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये साध्या स्थानिक माणसांना नैराश्याच्या रुग्णांशी कसं बोलावं याचं प्रशिक्षण दिलं. ही माणसं डॉक्टर नव्हती, मानसशास्त्रज्ञ नव्हती. सहा ते आठ भेटी. त्यात मोठं तत्त्वज्ञान नाही. सोडून दिलेली छोटी छोटी कामं पुन्हा हाती घ्यायची, एखादीसाठी ते सकाळी उठून अंगण झाडणं असेल, एखादीसाठी शेजारी जाऊन बसणं. या कामाची तपासणी होऊन २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: अशा भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आले, न मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. दारूच्या त्रासासाठीच्या अशाच भेटींतही फरक पडला, जरी कमी. म्हणजे नीट शिकवलेला, देखरेखीखाली काम करणारा शेजारी हे औषध आहे. आणि शेजाऱ्यांची इतकी पक्की बांधणी गोव्यात पॅरिशइतकी आणखी कुणाकडे आहे? वाड्यावाड्यावर लहान समुदाय आहेत, खुरसाकडे लादाईन (सामूहिक प्रार्थना) म्हणायला माणसं जमतात, कुणाच्या घरी काय चाललंय ते सगळ्यांना ठाऊक असतं. ते ठाऊक असणं आज कुजबुजीत वाया जातं.

एए म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसने हे केव्हाच करून दाखवलं आहे. पिणं सोडलेला माणूस पिणाऱ्याला फोन नंबर देतो आणि रात्री अकरा वाजता फोन आला तरी उचलतो. वांद्र्याला १९८१ मध्ये एका कॅथलिक फादरनी सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’नेही श्रद्धा, समूह आणि उपचार एकत्र बांधले. अशा कामात प्रार्थना बाजूला पडत नाही. उलट प्रार्थनेला हातपाय फुटतात.

याच जागी मला ‘बिलिव्हर्स’, म्हणजे इगर्जीपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती प्रार्थनागटांविषयी बोलायचं आहे. त्यांच्याकडे जाणाऱ्या कुटुंबांवर गावात बहिष्काराची भाषा होते, राजकारण होतं. चमत्काराने आजार बरा करतो, गोळ्या बंद करा, असं जिथे सांगितलं जातं तिथे जीव जातात, आणि त्याला माझा पूर्ण विरोध आहे. फिट्सच्या गोळ्या अशा थांबवल्यावर काय होतं ते मी पाहिलं आहे. पण लोक तिकडे का जातात? त्यांना विचारलं की एकच उत्तर येतं: तिथे आठवड्यात दोनदा कुणीतरी फोन करून विचारतं, कशी आहेस. आपण इगर्जीत मागच्या बाकावर वर्षानुवर्षं बसलो आणि कुणी विचारलं नाही. या उत्तरावर राग धरण्यापेक्षा लाज वाटायला हवी. हिंदू शेजाऱ्यांनीही यातून स्वतःला वगळू नये. देवळात गाऱ्हाणं घातलं, कौल लावला, प्रसाद उजवा आला की डावा आला, यावर मुलीच्या नैराश्याचा निकाल लावणारी घरं मी सत्तरीत आणि डिचोलीत पाहिली आहेत. गाऱ्हाणं जरूर घाला. घालून झाल्यावर तिला घेऊन कोण कुठे जाणार, एवढंच विचारते.

आत्महत्येबद्दल तर गप्प बसणं आता पाप ठरेल. चर्चच्या जुन्या, १९१७च्या कॅनन संहितेप्रमाणे जाणूनबुजून जीव दिलेल्याला चर्चचं दफन नाकारलं जात असे. १९८३च्या संहितेने तो उल्लेख काढून टाकला. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे की गंभीर मानसिक व्यथेमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते, आणि त्याच्या तारणाची आशा सोडू नये. देशाचा २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणाऱ्याला तीव्र ताणाखाली असलेला माणूस मानतो आणि त्याची काळजी घेणं सरकारचं कर्तव्य ठरवतो. तरी आजही गावात ‘पडून गेला’, ‘हार्ट बंद पडलं’ असं सांगितलं जातं, आणि सातव्या दिवसाच्या मिसाला घरचे मान खाली घालून बसतात. बदललेला नियम वेदीवरून सांगितला नाही तर जुनी भीती तशीच राहते आणि ज्याच्या मनात हे विचार घोळताहेत तो बोलत नाही.

बाणावलीत जन्मलेले संत जुझे वाझ यांना २०१५ मध्ये संतपद मिळालं तेव्हा आपण फटाके वाजवले. १६९७ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आजाऱ्यांना रानात टाकून पळत होते. वाझनी त्यांच्यासाठी झोपड्या बांधल्या, जखमा धुतल्या, भरवलं. तिथल्या राजाने त्यांना धर्मकार्याची अधिक मोकळीक दिली ती हे पाहून. आपल्या मातीतल्या संताचं हे उदाहरण फक्त नोव्हेनाच्या पुस्तिकेत ठेवायचं का?

मग करायचं काय ते सांगते. पुढच्या उपासाच्या दिवसांआधी प्रत्येक पॅरिश कौन्सिलने दोन बायका आणि दोन पुरुष निवडावेत, ज्यांच्या तोंडून गावातली गोष्ट बाहेर जात नाही असे. त्यांना आरोग्य केंद्राशी आणि या विषयातल्या संस्थांशी जोडून द्यावं, रीतसर शिकवावं, महिन्यातून एकदा त्यांच्यावर देखरेख ठेवणारं कुणी असावं. ऑफिसच्या मागे एक खोली द्यावी, जिचं दार लावता येतं. नोटीस बोर्डावर लग्नांच्या घोषणांशेजारी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ आणि महिलांसाठीचा १८१ हे नंबर मराठी-कोंकणीत कायमचे लावावेत. कुमसारात अशी गोष्ट कानावर आली तर फादरने एवढंच म्हणावं की बाहेर अमुक दिवशी अमुक बाई बसते, तिला भेट. त्याने गुप्ततेचा नियम मोडत नाही. आणि ज्या दिवशी तिला बांबोळीच्या मनोविकार रुग्णालयात नेण्याची वेळ येईल, त्या दिवशी बस कुठली पकडायची, कागदपत्रं कुठली घ्यायची, मुलांना शाळेतून कोण आणणार आणि ओपीडीच्या रांगेत तिच्याबरोबर कोण उभं राहणार, हे त्या चौघांनी आधीच ठरवून ठेवलेलं असावं.